स्कॅनरवरचे चालू आकडे वाचायचे कसे : साताऱ्याच्या रस्त्यांवर शिकण्यासारखी गोष्ट

इंजिनचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात. पडद्यावर एक कोड येतो आणि कोडात ज्या सेन्सरचं नाव असेल तो सेन्सर बदलला जातो. आठवड्याभरात दिवा परत लागतो. पैसे गेलेले असतात आणि बिघाड जागच्या जागी असतो. हे बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण उत्तर बहुतेक वेळा त्याच स्कॅनरमध्ये असतं. मेनूत 'लाइव्ह डेटा' नावाचं एक पान असतं, ते उघडायचं राहून जातं.

तक्रार कुठल्या सर्किटवर नोंदली गेली, एवढंच कोड सांगतो. इंजिन या क्षणी किती हवा घेतंय, किती गरम आहे, पेट्रोल वाढवतंय की कमी करतंय, हे लाइव्ह डेटात दिसतं. ते वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. सवय लागते, आणि एक नियम पाळावा लागतो : एकटा आकडा कधीच वाचायचा नाही. कुठलाही आकडा दिसला की तीन प्रश्न विचारायचे. गाडी त्या क्षणी काय करत होती? शेजारचा दुसरा सेन्सर काय म्हणतोय? आणि हीच गाडी ठणठणीत असताना हा आकडा किती असायचा?

तिसऱ्या प्रश्नामुळेच माझा आग्रह आहे, की गाडी चांगली चालतेय तेव्हाच शिकायला सुरुवात करा. दिवा लागल्यावर पहिल्यांदा स्कॅनर हातात घेतला तर ताडून बघायला तुमच्याकडे काहीच नसतं.

पोर्ट, डोंगल आणि ॲप

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचा एक चौकोनी सॉकेट असतो. तो ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणी करायची जागा. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ ही त्या जोडणीची प्रमाण पद्धत एप्रिल २०१३ पासून लागू झाली, तेव्हा त्यानंतरच्या गाडीत काळजी नाही. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही पोर्ट असतो, पण सगळे आकडे मिळतीलच असं नाही.

यात लावायला ब्लूटूथचा डोंगल लागतो, म्हणजे आकडे मोबाइलवर पाठवणारी छोटी डबी. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त डोंगल 'ईएलएम ३२७' या चिपची नक्कल असतात. नक्कल म्हणजे वाईटच असं नाही, पण काही डोंगल अर्ध्या गाड्यांशी बोलतच नाहीत, म्हणून परत घेण्याची सोय असेल तिथूनच घ्या. आयफोन असेल तर साधा जुना ब्लूटूथ डोंगल चालत नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असलेला लागतो. ॲपमध्ये 'टॉर्क' आणि 'कार स्कॅनर' ही दोन नावं नवख्यांना पुरेशी आहेत.

डोंगलचा दिवाच लागला नाही तर तो खराब आहे असं लगेच ठरवू नका. पोर्टच्या सोळा नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, आणि बऱ्याच गाड्यांत हा करंट सिगारेट लायटरच्याच फ्यूजवरून येतो. मोबाइलच्या चार्जरने तो फ्यूज उडालेला असतो आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. हा कायमचा करंट आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल.

ॲप उघडलं की शंभरेक आकड्यांची यादी दिसते आणि नवखा माणूस सगळ्यांवर टिक करतो. तसं करू नका. स्कॅनर एकेक आकडा विचारून घेतो, त्यामुळे यादी लांबली की प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि झरझर बदलणारी गोष्ट पडद्यावर थिजल्यासारखी दिसते. सुरुवातीला आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), कुलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, मॅप किंवा मॅफ (आत येणाऱ्या हवेचा दाब किंवा वजन), आणि व्होल्टेज एवढेच घ्या. फ्युएल ट्रिमची (पेट्रोलच्या दुरुस्तीची, ती पुढे येते) पाळी आली की तापमानं काढून ट्रिम घाला.

चालत्या गाडीत ड्रायव्हरने पडद्याकडे बघायचं नाही. ॲपमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते. ते चालू करून गाडी चालवा आणि घरी येऊन बघा, किंवा शेजारी कुणाला तरी बसवा. आपल्याकडच्या घाटांत ही गोष्ट दोनदा सांगावी लागू नये.

सेल मारण्याआधीची पाच मिनिटं

माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इंजिन बंद असताना. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी चावी फक्त इग्निशनवर आणा, सेल मारू नका. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबा, लागलं तर दोनदा.

आता कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी हवीत, फार तर तीन-चार अंशांचा फरक. थंडीतल्या सकाळी दोन्ही पंधराच्या आसपास असतील तर दोन्ही सेन्सर शाबूत आहेत असं समजा. एक पंधरा आणि दुसरा पस्तीस दाखवत असेल तर एक खोटं बोलतोय, आणि कोणता ते घरातला साधा थर्मामीटर सांगेल. कुलंट उणे चाळीस दाखवत असेल तर घाबरू नका. सेन्सरची वायर तुटली किंवा कनेक्टर निसटला की स्कॅनर उणे चाळीसच दाखवतो, कारण त्या मोजपट्टीचा तळच तिथे आहे. आधी कनेक्टर दाबून बघा. उंदरांनी वायर कुरतडलेली असणं हेही आपल्याकडे नेहमीचं आहे, विशेषतः ऊस तोडून झाल्यावर शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत.

मग मॅप बघा. मॅप म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या पाइपांमधला दाब, किलोपास्कलमध्ये. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, म्हणून हा आकडा त्या गावाच्या हवेच्या दाबाएवढा हवा. इथे सातारकरांची हमखास फसगत होते. व्हिडिओमध्ये सांगतात की चावी ऑन केल्यावर मॅप शंभर-एकशे एक दाखवला पाहिजे. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत तो बरोबर आहे. सातारा शहर साधारण ७०० मीटर उंचीवर आहे, तिथे ९३ च्या आसपास येणार. सांगलीत, साधारण ५५० मीटरवर, ९५. कासच्या पठारावर, १२०० मीटरच्या आसपास, ८८. महाबळेश्वरला ८६. हवामानानुसार एखाद-दोन किलोपास्कल इकडेतिकडे होतं. साताऱ्यात उभ्या गाडीचा मॅप ९३ आला म्हणून कुणी सेन्सर बदलायला सांगितला, तर त्याला एवढाच प्रश्न विचारा, की शेजारच्या चांगल्या गाडीत किती येतो.

या आकड्यातून आणखी एक गोष्ट कळते. महाबळेश्वरला गेल्यावर पिकअप कमी वाटतो अशी तक्रार खूप जण करतात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला तिथे समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण पंधरा टक्के कमी दाबाची हवा मिळते, साताऱ्यापेक्षा सात-आठ टक्के कमी. तेवढा जोर कमी होणारच. तो बिघाड नव्हे.

शेवटी व्होल्टेज. इंजिन बंद, दिवे बंद, तर १२.४ ते १२.७ हवं. १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी अर्धी उतरलेली आहे, आणि अशा बॅटरीवर पुढचे कुठलेच आकडे नीट लागत नाहीत. आधी ती चार्ज करा.

एक आकडा नवख्यांना उगाच काळजीत टाकतो : ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बारा-पंधरा टक्के दाखवतो. बऱ्याच गाड्यांत ते बरोबर असतं, कारण मोजणी शून्यापासून सुरूच होत नाही. पेडल हळूहळू पूर्ण दाबा आणि आकडा न अडखळता चढतो का एवढंच बघा. मध्येच उडी मारली किंवा खाली पडला तर तिथे लक्ष घालायचं.

थंड इंजिन चालू केल्यावर

सेल मारताना व्होल्टेज खाली येतं. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी थकली किंवा तिच्या टर्मिनलांवर गंज आहे. स्वस्त डोंगल तो तळ नेमका पकडू शकत नाही, म्हणून दोन-तीन सकाळी बघा. चालू झाल्यावर १३.५ ते १४.५ दिसलं की अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, काम करतोय. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला चार्जिंग मधूनमधून कमी करतात. अशा गाडीत मधेच १२.८ दिसलं तर हेडलाइट लावून बघा, आकडा वर यायला हवा.

थंड इंजिन बाराशे-पंधराशे आरपीएमवर सुरू होतं आणि गरम होत जाईल तसं सातशे-साडेआठशेवर उतरतं. या वेळात 'फ्युएल सिस्टीम स्टेटस' नावाचा आकडा बघा. सुरुवातीला तिथे 'ओपन लूप' असतं, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सरचं न ऐकता ठरलेल्या हिशेबाने पेट्रोल टाकतोय. एक-दोन मिनिटांत 'क्लोज्ड लूप' यायला हवं. त्याआधीच्या फ्युएल ट्रिमला काही अर्थ नसतो, तेव्हा घाई करू नका.

कुलंटचं तापमान एकसारखं चढत पंच्याऐंशी-नव्वदच्या आसपास येतं आणि तिथे जरा रेंगाळतं. हे रेंगाळणं म्हणजे थर्मोस्टॅट, कुलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडला. उभ्या गाडीत पुढे ते पंच्याण्णव ते एकशे पाचच्या दरम्यान कुठेतरी जातं, फॅन लागतो आणि आकडा खाली येतो. तुमच्या गाडीचा फॅन किती अंशांवर लागतो आणि किती अंशांवर थांबतो, ते आजच लिहून ठेवा. पुढे घाटात हाच आकडा उपयोगी पडणार आहे.

गरम इंजिन, एसी बंद, न्यूट्रल : मॅप साधारण २८ ते ४० किलोपास्कलमध्ये हवा. थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये हवा ओढली जाऊन दाब कमी झालेला असतो. आकडा कमी म्हणजे ओढ जास्त, हे उलटं गणित पक्कं डोक्यात बसवा. एसी लावला की तो चार-पाचने वाढतो. मॅपऐवजी मॅफ असेल, म्हणजे हवेचं वजन ग्रॅम प्रति सेकंदात मोजणारा सेन्सर असेल, तर इंजिन जेवढ्या लिटरचं साधारण तेवढे ग्रॅम किंवा थोडे जास्त, हा ढोबळ अंदाज धरा. बाराशे सीसीच्या इंजिनात दोनच्या आसपास.

फ्युएल ट्रिम

पूर्ण लेखात हीच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल, म्हणून इथे थोडं थांबतो.

ईसीयू हवा मोजतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल टाकतो. मग ऑक्सिजन सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनवरून सांगतो की पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं, आणि ईसीयू तेवढी दुरुस्ती करतो. त्या दुरुस्तीची टक्केवारी म्हणजे फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे आमटीची चव बघून आत्ता टाकलेली मिठाची चिमूट. लाँग टर्म म्हणजे या घरात मीठ नेहमीच जरा जास्त लागतं हे ओळखून आधीच वाढवलेलं प्रमाण. अधिक आकडा म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, कारण त्याला मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, वाटतंय. उणे म्हणजे कमी करतोय.

दोन्हींची बेरीज बघायची. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला वरखाली होतं, ते तसंच हवं. बेरीज उणे पाच ते अधिक पाचमध्ये फिरत असेल तर उत्तम. दहाच्या पुढे गेली तर कारण शोधायला लागा. वीस-पंचविसाच्या पुढे बऱ्याच गाड्या दिवा लावतात आणि 'पी ०१७१' हा कोड देतात, म्हणजे मिश्रण पातळ. या कोडावरून ऑक्सिजन सेन्सर बदलणं ही फार मोठी चूक आहे. पातळ आहे हे त्या सेन्सरनेच सांगितलंय. खरं सांगणाऱ्यालाच आपण काढून टाकतो.

मग कारण कसं शोधायचं? ट्रिम दोन ठिकाणी बघा : एकदा इंजिन नुसतं चालू असताना, म्हणजे स्लोवर, आणि एकदा न्यूट्रलमध्ये अडीच हजार आरपीएमवर अर्धा मिनिट धरून.

मॅफ सेन्सरच्या गाडीत स्लोवर ट्रिम अधिक वीस आणि अडीच हजारावर अधिक चार आली, तर कुठेतरी इनटेक चोरून हवा घेतंय. फटीतून येणारी हवा तेवढीच असते, पण स्लोवर एकूण हवाच थोडी असल्याने तिचा वाटा मोठा दिसतो. रेस केल्यावर तो दबून जातो. माझ्या पाहण्यातल्या एका गाडीचे आकडे अगदी असेच होते. ऑक्सिजन सेन्सर आधीच बदलून झाला होता. दोष निघाला पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या रबरी पाइपमध्ये. तो कोपऱ्यात वळतो तिथे खालच्या बाजूने चिरला होता, वरून बघताना दिसतच नव्हता. पाइपची किंमत सेन्सरच्या तुलनेत काहीच नाही.

उलट स्लोवर ट्रिम ठीक आणि रेस केल्यावर किंवा चढावर वाढत जात असेल तर पेट्रोल पुरत नाहीये. फिल्टर, पंप, प्रेशर इकडे बघा. मॅफची तार मळली असली तरी असंच दिसतं, कारण मळलेली तार हवा कमी मोजते आणि जास्त हवेला ती चूक वाढते. सगळीकडे उणे दहा-बारा असेल तर गळका इंजेक्टर, किंवा टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला.

आता एक महत्त्वाचा अपवाद. आपल्याकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतो, फक्त मॅप असतो. अशा गाडीत इनटेक चोरून हवा घेत असेल तर मॅनिफोल्डचा दाबच वाढतो, ईसीयू तो बघून पेट्रोल आपोआप वाढवतो, आणि ट्रिम बऱ्यापैकी ठीक दिसते. मग खूण कुठे दिसते? स्लोचा मॅप नेहमीपेक्षा वर आणि आरपीएमही वर. म्हणून आपल्या गाडीत मॅप आहे की मॅफ हे आधी यादीत बघून घ्या. मॅफच्या गाडीसाठी केलेला व्हिडिओ बघून मॅपची गाडी तपासायला गेलात तर सगळं गणित उलटं पडेल.

ट्रिम हळूहळू अधिक होण्याचं एक निरुपद्रवी कारण सध्या सगळीकडे आहे : पेट्रोलमधलं इथेनॉल. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांशी आपला रोजचा संबंध, तेव्हा हे परकं वाटायला नको. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त टाकावं लागतं. दहा टक्क्यांच्या पेट्रोलवरून वीसवर आलेल्या जुन्या गाडीची ट्रिम तीन-चार टक्के वर सरकली तर ती गाडीने स्वतः केलेली जुळवाजुळव आहे. ती एकदम पंधरावर गेली तर मात्र इथेनॉलवर ढकलू नका.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर एकाच रस्त्यावर, एकाच वेगात आधी पेट्रोलवर आणि मग सीएनजीवर ट्रिम बघा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर अधिक अठरा आली तर इंजिनात काही नाही, किटचं ट्यूनिंग करून घ्या.

ऑक्सिजन सेन्सर

पुढचा सेन्सर, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा, साध्या प्रकारचा असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा हेलकावे खातो. हेलकावा हीच त्याची तब्येत. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसलेला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला तर कन्व्हर्टर संपत आलाय. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण योग्य मापाच्या किती पट आहे ते, दाखवतो; तिथे आकडा १ च्या आसपास हवा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला सेन्सरच्या आधी भोक असेल तर बाहेरची हवा आत जाऊन खोटं पातळ दिसतं, एवढं लक्षात असू द्या.

घाटात नेऊन बघा

सातारकरांना एक सोय आहे जी सपाटीवरच्या लोकांना नाही. इंजिनवर खरा भार टाकून बघायला आपल्याला कुठलं यंत्र लागत नाही. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढा, वाईहून पसरणीचा घाट चढा, किंवा पुण्याहून येताना खंबाटकी. गर्दी नसताना, शेजारी माणूस बसवून, रेकॉर्डिंग लावून.

चढावर पहिल्यांदा कुलंट बघा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम मध्येच धरून ठेवलेला असतो आणि पंच्याहत्तरपासून शंभरपर्यंत हलतच नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नाही, नुसता दिवा आहे. तो लाल होईपर्यंत उशीर झालेला असतो. स्कॅनरवर नव्वद, पंच्याण्णव, शंभर असा चढ आधीच दिसतो. तुमच्या गाडीचा फॅन जिथे लागतो तो आकडा ओलांडून पारा वरच जात राहिला, एकशे आठ-दहा झाला, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि जागा बघून थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणखी एक धोका आहे. कुलंट गळून संपलं असेल तर सेन्सर पाण्यात न राहता वाफेत किंवा हवेत राहतो आणि कमी तापमान दाखवू शकतो. चढावर आकडा वाढता वाढता अचानक पडला तर सुटलो असं समजू नका, लगेच थांबा.

उलट प्रकारही घाटात सापडतो. उतारावर आणि पुढे हायवेवर कुलंट पासष्ट-सत्तरवर उतरून तिथेच राहिलं तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गाडी तापत नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही, पण थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं. ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार असेल तर मी आधी हे बघतो. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी थंड चालवण्याचा जुना उपाय आजच्या इंजेक्शनच्या गाडीत करू नये, तो याच कारणासाठी.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबलं की मॅप त्या जागेच्या हवेच्या दाबापर्यंत, म्हणजे सुरुवातीला नव्वदच्या आसपास, जायला हवा. तो ऐंशीवरच अडला तर हवा येण्याच्या वाटेत अडथळा आहे. आधी एअर फिल्टर काढून बघा. या वेळी ऑक्सिजन सेन्सर ०.८-०.९ वर चिकटतो आणि स्टेटस 'ओपन लूप' होतं. भाराखाली ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, ते बरोबर आहे. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की मॅप वीस-पंचविसावर येतो, इंजेक्टर बंद होतात आणि ऑक्सिजन सेन्सर शून्याला टेकतो. नवीन माणूस तिथे घाबरतो. पेट्रोलच नाही तर धुरात नुसती हवाच असणार.

पोवई नाक्यावर गर्दीत अडकलात तर आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. बॉनेटखालची गरम हवा आत जाऊन ते पन्नास-पंचावन्न होतं आणि गाडी सुटल्यावर खाली येतं. सुटल्यावरही खाली येत नसेल तर एअर बॉक्सचा पुढचा पाइप निसटलेला असण्याची शक्यता आहे.

डिझेलवाल्यांसाठी

डिझेलमध्ये वर सांगितलेली ट्रिम शोधू नका. तिथे दोन आकडे महत्त्वाचे. पहिला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना मिळणाऱ्या डिझेलचा दाब : स्लोवर साधारण २५० ते ३५० बार, स्कॅनर किलोपास्कलमध्ये २५,००० ते ३५,००० दाखवेल. जोर लावल्यावर ते हजार बारच्या पुढे जातं. ॲपमध्ये मागितलेलं आणि मिळालेलं असे दोन्ही प्रेशर येत असतील तर त्यांच्यातली तफावत बघा. चढावर मिळालेलं मागे पडत गेलं तर आधी डिझेल फिल्टर. दुसरा मॅप : स्लोवर तो हवेच्या दाबाएवढा, म्हणजे साताऱ्यात ९३-९५, आणि टर्बो भरल्यावर दोनशेच्या आसपास किंवा पुढे. घाटात काळा धूर आणि मॅप दीडशेच्या आतच, असं असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप फाटलाय का ते टर्बो बदलण्याआधी बघा.

बीएस-६ डिझेलमध्ये धुराची काजळी पकडणारा डीपीएफ असतो आणि तो साफ होताना एक्झॉस्टचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. स्लो थोडा वाढला, फॅन लागला, जळका वास आला आणि हा आकडा वर गेलेला दिसला, तर गाडी बंद करू नका. हायवेवर पंधरा-वीस मिनिटं चालवा.

गॅरेजमध्ये जाताना

दिवा लागला की आधी कोड लिहून घ्या आणि 'फ्रीझ फ्रेम' उघडा. बिघाड नोंदला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, कुलंट आणि बऱ्याचदा ट्रिम तिथे जपून ठेवलेले असतात. कोड पुसला की फ्रीझ फ्रेम जाते आणि बहुतेक गाड्यांत शिकलेली लाँग टर्म ट्रिमही शून्य होते. म्हणजे पुरावाच गेला. म्हणून दुरुस्तीआधी कोड पुसू नका आणि कुणाला पुसू देऊ नका. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. प्लग किंवा कॉइलमुळे इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. पाय हलका करा, बाजूला घ्या.

मिस्त्रींना निदान सांगायला जाऊ नका, आकडे द्या. 'दादा, गरम इंजिनला स्लोवर ट्रिम अधिक अठरा आहे, अडीच हजारावर तीन येते, मॅफची गाडी आहे, महिन्यापूर्वी दोन्हीकडे दोन-तीन होती' एवढं सांगितलं की जाणता माणूस सरळ पाइपांकडे वळतो. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग दाखवा. साताऱ्यातल्या एमआयडीसीत आणि हायवेलगत असे खूप चांगले मिस्त्री आहेत. आवाजावरून आणि हाताने त्यांना जे कळतं ते कुठल्याही ॲपला कळत नाही, आणि तुमच्या आकड्यांनी त्यांचा वेळ वाचतो.

दुरुस्ती झाली की त्यांच्यासमोर कोड पुसून घ्या आणि पुढचे तीन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, म्हणजे ट्रिम नव्याने शिकेल. मग त्याच रस्त्याने, त्याच गिअरमध्ये, तेच पाच आकडे रेकॉर्ड करून आधीच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवा. ट्रिम पाचच्या आत आली असेल तर काम झालं. आली नसेल तर दिवा परत लागायची वाट न बघता दोन्ही रेकॉर्डिंग घेऊन त्याच मिस्त्रींकडे जा.